सेंद्रिय द्राक्षबागेत वाइन चाखायला जाताना: आधी बांध, मग ग्लास

नाशिकला वाइन चाखायला जाणारे बहुतेक जण थेट टेस्टिंगच्या टेबलाशी जाऊन बसतात. पाच ग्लास समोर येतात, पाच नावं कानावर पडतात, फोटो निघतात आणि तासाभरात गाडी मिसळीच्या दिशेने वळते. मोठ्या वायनरीत हे चालून जातं, कारण तिथली फेरीच तशी आखलेली असते. पण पाच-दहा एकरांच्या, सेंद्रिय पद्धतीने पिकवलेल्या छोट्या बागेत असं केलंत, तर खरं बघण्यासारखं होतं ते बांधावरच राहून जाईल. तिथल्या ग्लासात जे लागतं, बरं किंवा वाईट, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं कारण वेलीखालच्या मातीत, पानावरच्या निळसर डागात आणि मण्याच्या सालीत असतं. म्हणून क्रम असा ठेवा: बाग, मग वायनरी, मग ग्लास. बागेला निदान एक तास द्या.

कोणत्या महिन्यात काय दिसतं

नाशिक, दिंडोरी, निफाड, इगतपुरी या पट्ट्यात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि तिच्यातून पुढच्या पिकासाठी काडी तयार होते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते, तिलाच गोडी छाटणी म्हणतात. तिच्यानंतर साधारण चार-पाच महिन्यांनी घड तोडायला येतो. त्यामुळे वाइनच्या द्राक्षांचा तोडा जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत चालतो. आधी पांढऱ्या वाइनच्या जाती, मग लाल.

एकदाच जायचं असेल तर फेब्रुवारीचे पहिले तीन आठवडे धरा. घड वेलीवर असतो, टाक्यांमध्ये रस आंबत असतो आणि हवा सुसह्य असते. तोडा बघायचा असेल तर पहाटेच पोहोचावं लागतं, कारण घड थंड असतानाच उतरवतात. ऊन चढल्यावर तोडलेलं द्राक्ष क्रेटमध्येच आंबायला लागतं आणि रसाचा ताजा वास उडतो.

डिसेंबरचा शेवट आणि जानेवारीची सुरुवातही चांगली. तेव्हा मण्यात पाणी उतरत असतं: कडक हिरवा मणी मऊ पडतो, काळ्या जातीचा रंग फिरायला लागतो, एकाच घडात हिरवे, गुलाबी, जांभळे मणी दिसतात. एप्रिल-मेमध्ये मात्र उघडे ओलांडे (वेलीचे आडवे दांडे) आणि कोवळी फूट एवढंच असतं, आणि ऊन सोसवत नाही. पावसाळ्यात परिसर देखणा असतो, पण वेलीवर घड नसतो. तेव्हा गेलात तर वायनरी बघायला जातोय असं समजून जा.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. छोट्या जागी माहिती देणारा माणूस बहुधा तोच असतो जो टाक्याही सांभाळतो. मंगळवारी सकाळी तो तुम्हाला दोन तास देईल, रविवारी दुपारी वीस मिनिटंसुद्धा कठीण.

फोनवर आधी काय विचारायचं

न कळवता जाऊ नका. फवारणीचा दिवस असेल तर बागेत सोडतही नाहीत, आणि ते बरोबरच आहे. फोनवर हे विचारून घ्या:

- वाइन स्वतःच्याच बागेतल्या द्राक्षांची आहे की बाहेरूनही माल घेता?
- बाग प्रमाणित आहे, संक्रमण काळात आहे, की प्रमाणपत्राशिवाय सेंद्रिय पद्धत पाळता?
- बागेत फिरवता का, की फक्त टेस्टिंग?
- किती वाइन चाखायला मिळतात आणि प्रत्येकी किती मिली?
- सोबत खायला काय असतं? लहान मुलं चालतात का?

दुसरा प्रश्न जरा समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. भारतात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली द्राक्षासारख्या बहुवर्षीय पिकाला तीन वर्षांचा संक्रमण काळ, म्हणजे रासायनिकातून सेंद्रियकडे वळण्याचा काळ, पाळावा लागतो. त्या काळात शेतकरी खर्च सगळा सेंद्रियचा करतो, पण माल सेंद्रिय म्हणून विकू शकत नाही. ‘आमचं दुसरं वर्ष चालू आहे’ असं कोणी सरळ सांगितलं, तर त्याच्या शब्दाला वजन आहे असं समजा. प्रमाणित बाग असेल तर प्रमाणपत्र बघायला मागायला लाजू नका. त्यावर पिकाचं नाव, क्षेत्र आणि मुदत लिहिलेली असते. क्षेत्र दोन एकर आणि बाटल्या मात्र मांडणीभर, असं दिसलं तर उरलेली द्राक्षं कुठून आली हा प्रश्न रास्त आहे.

आणखी एक फरक. सेंद्रिय द्राक्षांची वाइन आणि सेंद्रिय वाइन या दोन गोष्टी एक नाहीत. द्राक्ष सेंद्रिय असलं तरी वायनरीत त्यात काय घातलं जातं हा वेगळा हिशेब आहे, आणि त्यात मुख्य वाद सल्फाइटचा, म्हणजे वाइन टिकवायला घालतात त्या द्रव्याचा. युरोपात सेंद्रिय लाल वाइनला लिटरमागे १०० मिलिग्रॅम आणि पांढरीला १५० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे, साध्या वाइनपेक्षा ५० ने कमी. अमेरिकेत ‘सेंद्रिय वाइन’ म्हणायचं तर वरून सल्फाइट घालताच येत नाही. पण अजिबात सल्फाइट नसलेली वाइन निसर्गात जवळपास नसतेच, कारण यीस्ट आंबवताना थोडं तयार करतंच. म्हणून ‘सल्फाइट घालता का’ एवढंच न विचारता ‘केव्हा आणि किती घालता’ असं विचारा. आकडा सांगणारा माणूस भेटला तर समजा योग्य ठिकाणी आलात.

निघताना

मुंबईहून कसारा घाटाने नाशिक साधारण १७० किलोमीटर, पुण्याहून २१०. रेल्वेने आलात तर नाशिक रोड स्टेशन शहरापासून थोडं लांब आहे आणि बागा त्याहून पुढे. परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा, बागेच्या रस्त्यावर ऐनवेळी रिक्षा मिळत नाही.

चालकाचं आधी ठरवा. ३० मिलीचे सहा पेले म्हणजे १८० मिली. वाइन १३ टक्क्यांची असेल तर त्यात साधारण १८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. ६० किलो वजनाच्या माणसाच्या १०० मिली रक्तात ते ४० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकतं, आणि कायद्याची मर्यादा ३० आहे. म्हणजे ‘फक्त चाखलं’ म्हणणाराही पकडला जातो. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी चालवणाऱ्याने वास घ्यावा, मणी खावेत, बाकी काही नको. महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, तेव्हा वयाचा पुरावा जवळ ठेवा.

पायात बंद बूट हवेत. ड्रिपखालची काळी माती चपलेला चिकटते आणि दहा पावलांत पाय जड होतो. त्याच दिवशी दुसऱ्या बागेतून येत असाल तर तळवे धुऊनच आत शिरा. मातीबरोबर सूत्रकृमी आणि रोगांची बीजं एका बागेतून दुसरीत जातात, आणि सेंद्रिय बागायतदाराकडे त्यावर झटपट औषध नसतं.

अत्तर, डिओ, मोगऱ्याचा गजरा, वासाचं तेल त्या दिवशी घरीच राहू द्या. गजरा घातलेली एक व्यक्ती टेबलाशी असली की बाकी सगळ्यांना प्रत्येक वाइनमध्ये मोगराच येतो. पान, सुपारी, तंबाखू, पुदिन्याच्या गोळ्या टाळा. चहा-कॉफी आणि दात घासणं तासभर आधी उरका.

आणि मिसळ नंतर. नाशिकला जाऊन सकाळी मिसळ न खाणं जिवावर येतं हे खरं, पण तर्रीच्या तिखटाने जीभ बराच वेळ बधिर राहते, आणि अल्कोहोलने ती आग आणखी वाढते. सकाळी पोहे, उपमा किंवा थालीपीठ-दही घ्या. रिकाम्या पोटी तर जाऊच नका.

बागेत काय बघायचं

पहिली खूण वेलीखालच्या पट्ट्याची. दोन ओळींमध्ये ताग, धैंचा किंवा नुसतं कापलेलं गवत असेल आणि बोदावर (वेलीखालच्या मातीच्या उंचवट्यावर) पाचटाचं आच्छादन असेल तर ठीक. वेलीच्या बुंध्याजवळ सरळ रेषेत जळाल्यासारखा पिवळा-तपकिरी गवताचा पट्टा दिसला, तर ते तणनाशकाचं काम असू शकतं, आणि सेंद्रियमध्ये तणनाशकाला जागाच नाही. सेंद्रिय बाग थोडी अस्ताव्यस्त दिसते. नीटनेटकेपणावरून तिला जोखू नका.

आच्छादन हाताने बाजूला करून बघा, अर्थात मालकाला विचारून. खालची माती ओलसर, भुसभुशीत, गांडुळाच्या विष्ठेच्या बारीक गोळ्यांनी भरलेली असेल तर तिथे वर्षानुवर्षं काम झालेलं आहे. जवळच जीवामृताची, म्हणजे जमिनीला द्यायच्या आंबवलेल्या द्रावणाची, टाकी असते. प्रमाण साधारण असं: २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस ठेवतात, दिवसातून दोनदा ढवळतात. झाकण उघडून वास घ्या. आंबूस-गोडसर वास म्हणजे जमलंय. सडका वास आला तर ते जुनं झालंय किंवा ढवळलेलं नाही.

मग पानं बघा. पानांवर निळसर-पांढरे डाग दिसले की ‘हे तर रसायन!’ असं पाहुणे म्हणतात. तो बोर्डो मिश्रणाचा डाग असतो. मोरचूद आणि कळीचा चुना प्रत्येकी एक किलो, १०० लिटर पाण्यात, म्हणजे एक टक्का. डाऊनी (केवडा) या रोगावर सेंद्रियमध्ये ज्या थोड्या गोष्टी चालतात त्यातली ही मुख्य. तिलाही सीमा आहे: तांबं मातीत साठत जातं, म्हणून युरोपात हेक्टरी सात वर्षांत मिळून २८ किलोपेक्षा जास्त तांबं वापरता येत नाही. पिवळट पूड दिसली किंवा आगकाडीसारखा वास आला तर तो भुरी या बुरशीसाठी मारलेला गंधक.

या दोन डागांपाशी जरा थांबा, कारण इथून सरळ ग्लासात रस्ता जातो. तोड्याच्या तोंडावर गंधक मारला आणि तो मण्यावर राहिला, तर यीस्ट त्यापासून हायड्रोजन सल्फाइड करतं आणि वाइनला सडक्या अंड्याचा वास येतो. म्हणून जाणता माणूस तोड्याच्या बरंच आधी, साधारण महिनाभर, गंधक थांबवतो. बोर्डोचं वेगळंच. सोव्हिनियाँ ब्लाँ जातीला पेरूचा आणि कैरीचा जो वास येतो, तो देणारी द्रव्यं तांब्याशी चिकटून निकामी होतात. उशिरा बोर्डो मारलेल्या बागेतली सोव्हिनियाँ ब्लाँ स्वच्छ असते, पण मुकी. मालकाला विचारा, ‘शेवटचा बोर्डो कधी मारला?’ आणि उत्तर लक्षात ठेवून टेबलाशी बसा.

ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्याच्या वेळी पाऊस झाला की गळ आणि कूज होते, आणि तोड्याच्या तोंडावर अवकाळी आला की मणी तडकतात. रासायनिक बागेत निदान फवारण्यांचा आधार तरी असतो. सेंद्रिय बागेत मात्र छाटणीची तारीख, हवा खेळती ठेवायला घडाजवळची पानं काढणं आणि सडका घड हाताने बाजूला करणं हेच खरं औषध. ‘यंदा किती घड टाकून दिले’ असं विचारा. उत्तर देताना माणूस जे सांगतो त्यातून त्याचं वर्ष कळतं.

आता मणी. खायला आधी परवानगी घ्या आणि धुऊनच खा, सेंद्रिय असला तरी त्यावर गंधक किंवा बोर्डो असतो. थॉमसन या खाण्याच्या द्राक्षाच्या मानाने वाइनचा मणी छोटा, गोल, जाड सालीचा आणि बियांचा. संजीवकं (वाढीची द्रव्यं) देऊन फुगवलेला नसतो, आणि ते बरंच आहे, कारण रंग, वास आणि तुरटपणा सगळा सालीत. एक मणी असा खा: रस जिभेवर घ्या आणि गोडी बघा, मग बाजूने येणारा आंबटपणा. मग फक्त साल दहा-बारा वेळा चावा. हिरव्या पानासारखी चव आली तर अजून वेळ आहे, जांभळासारखी आली तर तोडा जवळ. शेवटी बी दाताने फोडा. हिरवट आणि कडू म्हणजे कच्चं, तपकिरी आणि भाजलेल्या दाण्यासारखं म्हणजे पिकलेलं.

मालकाकडे रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र, असतं. मण्याचा एक थेंब काचेवर टाकून उजेडाकडे धरा, निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा जिथे असेल तो ब्रिक्स, म्हणजे साधारण साखरेचा टक्का. पांढऱ्यासाठी २० ते २२, लालसाठी २३-२४ च्या आसपास तोडतात. ब्रिक्सला साधारण ०.५५ ने गुणलं की होणाऱ्या वाइनमधल्या अल्कोहोलचा टक्का निघतो. २४ ब्रिक्सचं द्राक्ष म्हणजे १३ टक्क्यांची वाइन. छोट्या मुलांनाही हे यंत्र फार आवडतं.

वायनरीत

क्रेट, देठ काढून मणी चुरडणारं यंत्र, प्रेस, स्टीलच्या टाक्या, पिंपं हा क्रम सगळीकडे सारखाच. विचारण्यासारखं तापमान. पांढरी वाइन १२ ते १६ अंशांवर दोन-तीन आठवडे सावकाश आंबवतात, लाल २४ ते २८ वर, सालीसकट, साधारण आठ-दहा दिवस. लाल वाइनच्या टाकीत साली वर तरंगून त्यांची टोपी धरते आणि ती दिवसातून दोन-तीनदा रसात बुडवावी लागते, नाहीतर वरच्या सुक्या सालींवर व्हिनेगरचे जिवाणू बसतात. यीस्ट विकतचं की सालीवरचं, हेही विचारा. सालीवरच्या यीस्टने चव वेगळी येते, पण आंबणं मध्येच अडकण्याचा धोका जास्त.

आंबत असलेल्या उघड्या टाकीवर कधीही वाकू नका आणि मुलांना तर लांबच ठेवा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, टाकीच्या तोंडाशी साठतो आणि एका श्वासात भोवळ आणतो.

टेबलाशी

क्रम: फेसाळ, कोरडी (गोडी नसलेली) पांढरी, रोझे (गुलाबी), हलकी लाल, दाट लाल, शेवटी गोड. चेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन आपल्याकडे बऱ्याचदा थोडी गोडसर करतात, तेव्हा ती सोव्हिनियाँ ब्लाँच्या नंतर घ्या, आधी घेतलीत तर पुढची उगाच आंबट लागते. पांढरी ८ ते १२ अंशांवर हवी, लाल १६ ते १८ वर. मार्चमधल्या नाशिकच्या ‘खोलीच्या तापमानाची’ लाल वाइन ३० अंशांची असते, तिच्यात नुसता अल्कोहोलचा भपका येतो. ती आधी फ्रिजमध्ये ठेवून गार करायला सांगा. यात काही अपमान नाही.

ग्लास दांडीला धरा, पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग बघा. न हलवता एकदा वास घ्या, मग गोल फिरवून पुन्हा. छोटा घोट तोंडात पाच-दहा सेकंद सगळीकडे फिरवा, मग गिळा किंवा थुंका. टेबलावर भांडं त्यासाठीच असतं. यजमानाला त्यात वाईट वाटत नाही, उलट हा माणूस मन लावून चाखतोय हे त्याला कळतं.

शब्दांची चिंता करू नका. माहितीपत्रकातली परकी फळं शोधत बसण्यापेक्षा आपल्या जिभेला माहीत असलेलं शोधा. सोव्हिनियाँ ब्लाँमध्ये ढोबळी मिरची, कापलेलं गवत, पेरू. चेनिनमध्ये पिकलं केळं, अननस, मध. शिराझ या लाल वाइनमध्ये मिरी, जांभूळ, लवंग. आणि लाल वाइनने हिरड्या आखडतात त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: तुरट. आवळा, जांभूळ, कच्चं केळं खाणाऱ्या माणसाला टॅनिन समजावून सांगावं लागत नाही. फक्त बघा, तो तुरटपणा जांभळासारखा मऊ आहे की कच्च्या केळ्यासारखा चिकट.

कमी सल्फाइटच्या वाइनमध्ये दोष लवकर शिरतात, ते ओळखता यावेत. कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आणि तपकिरी झाक म्हणजे हवा लागलीय. नेलपॉलिश किंवा व्हिनेगर म्हणजे जिवाणूंचं काम. गोठ्याचा, घोड्याच्या खोगिराचा वास म्हणजे ब्रेट नावाचं यीस्ट. पावसात भिजलेल्या गोणपाटाचा वास म्हणजे बुचाचा दोष. सडक्या अंड्याचा वास असेल तर ग्लास दोन-तीन मिनिटं फिरवत राहा, हलका असेल तर उडून जातो. ‘नैसर्गिक वाइन अशीच असते’ हे उत्तर थोड्या गढूळपणाला चालेल, व्हिनेगरला नाही. दोष वाटला तर शांतपणे सांगा आणि दुसरी बाटली उघडायला सांगा.

बाटली घरी नेताना

प्यायल्या प्यायल्या विकत घेऊ नका. पाणी प्या, साधी पोळी किंवा ब्रेड खा, दहा मिनिटांनी आवडलेल्या दोनच वाइन पुन्हा चाखा आणि मग ठरवा. एका बाटलीमागे एक किलोच्या वर द्राक्ष जातं आणि सेंद्रिय बागेत एकरी माल कमी निघतो, म्हणून किंमत चढी असते. ती घासाघीस करून पाडायचा आग्रह धरू नका.

बिल घ्या आणि प्रवासात जवळ ठेवा. परराज्यात नेताना त्या राज्याची मर्यादा आधी बघा. वणी-सप्तशृंगीमार्गे सापुताऱ्याला जायचा बेत असेल तर एकही बाटली गाडीत नको, गुजरातेत दारूबंदी आहे.

मार्चच्या दुपारी बंद गाडीच्या डिकीत ठेवलेली वाइन दोन तासांत शिजते. वास उकडलेल्या फळासारखा होतो, बूच वर सरकतं. थर्मोकोलचा खोका आणि बर्फाच्या पिशव्या घरूनच न्या आणि खोका एसीच्या बाजूला, पायाशी ठेवा. घरी आल्यावर बाटली गॅस आणि खिडकीपासून लांब ठेवा. उघडलेली कमी सल्फाइटची बाटली, लाल असली तरी, बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. लाल असेल तर प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.